नंबर एकच, चिठ्ठ्या दोन

सांगली

प्रिय शऱ्या,

तुझ्या चष्म्याच्या नंबराच्या दोन्ही चिठ्ठ्यांचे, डॉक्टरांच्या आणि दुकानाच्या, फोटो मिळाले, सोबतचा मजकूरही वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि दुकानातल्या पोराला एका दमात शिव्या घालायची तुझी हातोटी अजून शाबूत आहे. पण या वेळी दोघंही निर्दोष आहेत. तुझा नंबर एकच आहे, लिहिला दोन पद्धतींनी गेलाय.

उजवा डोळा घेऊ. चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा. लॅटिनमधली आद्याक्षरं आहेत, घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांनी लिहिलंय: स्फिअर -१.००, सिलिंडर +०.५०, ॲक्सिस ९०. दुकानाच्या चिठ्ठीवर आहे: स्फिअर -०.५०, सिलिंडर -०.५०, ॲक्सिस १८०. एकही आकडा जुळत नाही म्हटल्यावर माणूस चिडणारच.

आता नीट बघ. स्फिअर हा सगळ्या दिशांना सारखा असलेला नंबर. सिलिंडर मात्र एकाच दिशेचा, आणि तो कुठल्या कोनात बसवायचा ते सांगतो ॲक्सिस. आपल्या कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणाचा, बाक सगळीकडे सारखा नसतो, पुष्कळांचा थोडा चमच्याच्या पाठीसारखा असतो, एका बाजूने जास्त वळलेला. तुझ्या उजव्या डोळ्याला उभ्या दिशेत उणे एक लागतो आणि आडव्या दिशेत उणे अर्धा. डॉक्टरांनी उभ्यापासून सुरुवात केली, उणे एक लिहिला आणि आडव्या दिशेला अर्धा परत दिला. दुकानदाराने आडव्यापासून सुरुवात केली, उणे अर्धा लिहिला आणि उभ्या दिशेला अर्धा आणखी वाढवला. काच घासून तयार झाली की दोन्हींत तसूभर फरक नसतो. दुकानात आम्ही शक्यतो सगळं उणे सिलिंडरमध्येच लिहून घेतो, म्हणून त्या पोराने बदललं.

पडताळा तुला घरबसल्या करता येईल. स्फिअर आणि सिलिंडर यांची चिन्हासकट बेरीज कर, तो नवा स्फिअर. सिलिंडरचं चिन्ह उलटं कर. ॲक्सिस नव्वदपर्यंत असेल तर त्यात नव्वद मिळव, जास्त असेल तर वजा कर. शाळेत बीजगणितात तूच मला पेपर दाखवायचास, तेव्हा एवढं जमेल.

ॲक्सिसला मात्र कमी लेखू नकोस. तो काही कमी-जास्त होणारा नंबर नाही, ते नुसते कोनमापकावरचे अंश आहेत, १ ते १८०. गिऱ्हाईक येऊन ‘माझा नंबर १८० झाला हो!’ म्हणतं तेव्हा मी चहा मागवतो. पण काच फ्रेममध्ये फिरून बसली आणि कोन तीस अंशांनी चुकला, तर सिलिंडरचा उपयोग शून्य होतो. जेवढा दोष होता तेवढाच शिल्लक राहतो, फक्त दिशा बदलते. तुझा अर्धाच आहे, तुला फारसं कळणार नाही. दोन-अडीच सिलिंडरवाल्याला मात्र चक्कर येईल.

हा सिलिंडर चष्म्यात आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत जॉर्ज एअरी नावाचा इंग्लंडमधला खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या डाव्या डोळ्याला तारा ठिपक्यासारखा दिसायचाच नाही, रेघ दिसायची. त्याने स्वतःच मोजमाप केलं आणि १८२५ मध्ये इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून तशी काच घासून घेतली. मला हा माणूस फार आवडतो. शिव्या न घालता मोजायला बसला.

डावा डोळा सोपा आहे: -१.७५ डीएस. डीएस म्हणजे सिलिंडर नाही, नुसता स्फिअर. हा आकडा डायॉप्टरमध्ये, म्हणजे भिंगाची ताकद मोजायच्या एककात असतो. एकाला त्या आकड्याने भाग दिलास की मीटर मिळतात. एक भागिले पावणेदोन म्हणजे साधारण सत्तावन्न सेंटिमीटर. तुझ्या डाव्या डोळ्याला चष्म्याशिवाय तिथपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यापुढे धूसर होत जातं.

आणि इथेच वहिनींच्या तक्रारीचं उत्तर आहे. ‘चष्मा काढल्यावरच यांना मोबाइल वाचता येतो, म्हणजे नंबरच चुकलाय,’ असं त्या म्हणतात ना? नंबर बरोबर आहे. खाली ॲड +१.५० लिहिलंय बघ. ती तुझी चाळिशी. लांबच्या नंबरात ती मिळवायची की जवळचा नंबर येतो. डाव्या डोळ्याचा -१.७५ अधिक १.५०, उरले -०.२५, म्हणजे जवळपास काहीच नाही. वाचायला त्या डोळ्याला चष्मा नकोच आहे, तू तो कपाळावर सरकवतोस ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. उजव्याला थोडा अधिकाचा नंबर लागतो, पण तोवर डावा काम भागवतो. वहिनींना हे वाचून दाखव. ऐकतील असं मात्र सांगता येत नाही.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा, घ्यायचं ठरवलं असशील तर घे, पण फ्रेम फार बुटकी निवडू नकोस. वाचायचा भाग काचेच्या तळाशी असतो, तोच कापला जातो. बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला पीडी म्हणतात, ते चिठ्ठीवर बहुधा नसतं. दोन्ही डोळ्यांचं नाकापासून वेगवेगळं मोजून घ्यायला सांग, आणि फ्रेम तोंडावर चढवून, सरळ बघत असताना बाहुली काचेवर कुठे येते त्याची खूण करायला लाव. तेवढं न करता ऑर्डर घेणाऱ्याकडून महागडी काच घेण्यात अर्थ नाही. निळ्या प्रकाशाच्या कोटिंगवर पैसे घालू नकोस. मी स्वतः विकतो, तरी सांगतो.

आता अण्णांचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले म्हणून तू पेढे वाटायच्या बेतात दिसतोस. थांब जरा. या वयात वाचायचा चष्मा अचानक सुटला तर बहुतेक वेळा आतलं भिंग घट्ट होत चाललेलं असतं, म्हणजे मोतीबिंदू. भिंगाची ताकद वाढते, डोळा उण्याकडे झुकतो, जवळचं दिसायला लागतं आणि लांबचं बिघडतं. बसवरची पाटी वाचता येते का, रात्री समोरून गाडी आली की दिवे फाकतात का, एवढं विचार. साखर वर-खाली होत असेल तरी नंबर असाच हलतो, आणि अण्णांना साखर आहेच. म्हणून दुकानात नेऊन नवा चष्मा करू नकोस. आधी साखर तपासा, ती स्थिर होऊ दे, मग डॉक्टरांकडे न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदाही बघून घ्या. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, तेव्हा त्यांना एकटं रिक्षाने पाठवू नकोस, तू सोबत जा.

मोतीबिंदू निघालाच तर ऑपरेशनआधी एक गोष्ट त्यांना स्वतःला विचारून घे: नवं भिंग लांबच्यासाठी बसवायचं की वाचनासाठी? बहुतेक जण लांबचंच बसवतात. अण्णांचा दिवस पेपर आणि ज्ञानेश्वरीत जातो. त्यांना वाचन बिनचष्म्याचं हवं असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

चिठ्ठ्या दोन्ही जपून ठेव, पुढच्या वेळी तुलना करायला लागतील. अण्णांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
मन्या