विषय: न दाखवलेलं गर्न्सी आणि फुकट जागेचं लावलेलं तिकीट

तुमच्या कस्टमर केअरच्या मॅडमनी आत्ताच फोन ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच, म्हणून लिहितेय. बुकिंगचे डिटेल्स तुमच्याकडे आहेत, दर फोनला पहिल्यापासून सांगून झालेत.

तुमच्या अमेरिका टूरच्या प्रोग्राममध्ये माउंट रशमोर ते डेन्वरच्या दिवशी ठळक अक्षरात छापलंय, वायोमिंगमधलं फोर्ट लॅरमी, मग गर्न्सीला ओरेगॉन ट्रेल (पूर्वी पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या लोकांची वॅगनची, म्हणजे बैलगाड्यांची वाट) रट्स आणि रजिस्टर क्लिफ. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यांच्यासाठी तर ही टूर घेतली. फोर्ट उशीर झाला म्हणून गाळला. गर्न्सीला बस पेट्रोल पंपावर थांबली, सगळ्यांचं वॉशरूम आणि चिप्स झाले, आणि टूर मॅनेजर माइकवर म्हणाले, "डाव्या हाताला ओरेगॉन ट्रेल." डाव्या हाताला मालगाडी उभी होती.

आता फोनवरचं ऐका. मॅडम म्हणाल्या, "रट्स म्हणजे गाडीच्या चाकोऱ्याच ना? त्या तर आपल्याकडे गावाला पण असतात." वर, "सिस्टिममध्ये साइट कव्हर्ड दाखवतंय, बस तिथून गेली ना?" मी सांगितलं की रट्स नदीच्या पलीकडे आहेत, हायवेवरून दिसतच नाहीत. तर म्हणे, "दिसणं न दिसणं हवामानावर असतं मॅडम." हवामानावर! अहो दगड आहे तो. नदीकाठाने वाट अवघड म्हणून सगळ्या वॅगन त्याच मऊ वालुकाश्मावरून गेल्या आणि चाकांनी घासून घासून पाच फुटांपर्यंत चर पडले, दीडशे वर्षांच्या वर झाली तिथेच आहेत, ढग आले की उठून जातात का ते? आणि मग, "बदल्यात आउटलेट मॉलला जास्त वेळ दिला की." सासऱ्यांना मॉलमध्ये बाकावर बसवून ठेवलं होतं, त्याचा पण आभार मानायचा का?

रजिस्टर क्लिफ तर कोणाच्या तोंडात पण नाही. फोर्ट लॅरमी सोडल्यावर लोक त्या कड्याखाली मुक्कामाला थांबायचे आणि दगडात आपलं नाव, साल कोरायचे, तीच नावं वाचायची होती सासऱ्यांना.

आणि बिलात "फोर्ट लॅरमी प्रवेश शुल्क" कसलं लावलंय? १८३४ चं ते फर व्यापाऱ्यांचं ठाणं, १८४९ मध्ये आर्मीने विकत घेतलं, आज नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि ते लोक आत जायला एक डॉलर घेत नाहीत. म्हणजे फुकट जागेचं तिकीट घेतलंत आणि जागा पण दाखवली नाहीत. परत लिहिते, फुकट जागेचं तिकीट.

त्या दिवसाचे पैसे परत हवेत आणि सासऱ्यांच्या नावाने लेखी माफी, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली इमोजी चालणार नाही. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकते आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाते, बिल आणि तुमचा छापील प्रोग्राम दोन्ही जपून ठेवलंय. मराठी माणसाची कंपनी म्हणून चार घरी तुमचं नाव मीच सांगितलं होतं, आता त्याच चार घरी हे पत्र फॉरवर्ड करतेय.

आणि ती फीडबॅकची लिंक पाठवणं बंद करा, त्यात एक स्टारच्या खाली जाताच येत नाही.