धामणीला आमच्या परड्यातच राहू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

साहेब, आमच्या परड्यात गडग्याच्या सांदीत एक धामण राहायची. चांगली सात फुटी. आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. पण ही बया उन्हं चढली की राजरोस अळवातून फिरायची. गेल्या श्रावणात पाहुण्यांच्या पोरांनी तिला पाहिलं, बोंबाबोंब झाली, कुणीतरी सर्पमित्राला बोलावलं. त्यानं शिताफीनं तिला पिशवीत घातलं आणि लांब रानात नेऊन सोडलं. फोटो निघाले. मीही त्याला चहा पाजला, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली म्हणून सुरण खणायला घेतला. वरून जागच्या जागी, खालून कंद कोरून करवंटी केलेली! सगळी घुशीची करामत. मांजर बिळाच्या तोंडाशी ताटकळत बसतं; धामण आत शिरते आणि पिल्लांसकट बिऱ्हाड रिकामं करते. विष घालायचं मनात आलं होतं, पण फणसाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. विष खाल्लेला उंदीर त्यांनी उचलला तर? राहिलं.

लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. फुरसं, मण्यार, घोणस, नाग, चौघेही कोकणात आहेत. तसलं काही अंगणात निघालं तर हलवायलाच हवं. धामणही कोंडीत सापडली की मान फुगवून फुसकारते, मग तिला नाग समजून काठ्या निघतात. कधी कोंबडीचं पिल्लूही उचलते. पण म्हशीच्या पायांना विळखा घालून ती दूध पिते, ही गोष्ट अजून शिकलेली माणसं सांगतात! चोखायला सापाला ओठ तरी आहेत का? आणि तिला विष नाही. शिवाय उंदीर माजले की त्यांच्या वासानं नागही दाराशी येतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे साप मारणं गुन्हा आहे, हे आता गावोगाव कळलंय. उचलून नेणं मात्र पुण्याचं काम समजतात. नव्या मुलखात तिला ना बिळं ठाऊक, ना पाणी.

म्हणून मागणं एवढंच. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन आला की आधी फोटो मागवावा. साप बिनविषारी असेल आणि घराबाहेर असेल तर ‘असू दे तिथंच, वाट सोडा’ असं ठामपणे सांगणारं माणूस पलीकडे असावं. सर्पमित्रांच्या नोंदवहीत ‘किती पकडले’च्या शेजारी ‘किती जागीच राहू दिले’ असा एक रकाना घाला. त्याचंही कौतुक होऊ दे.

गेल्या आठवड्यात गडग्यावर एक लांबलचक कात दिसली. कुणाची, ते अजून कळलेलं नाही. पोरांना सांगून ठेवलंय, दिसली तर आधी मला हाक मारा.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक बागायतदार