आधी शिवाराचा नकाशा गावाने काढावा

सौर प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. साक्रीच्या माळरानावर असा प्रकल्प येणार असेल, तर मग गाऱ्हाणे मांडायचे कुठे? ग्रामपंचायतींनी जमिनीच्या मोजणीआधीच कार्यशाळा घ्यावी. पारासमोर रांगोळीने शिवार काढावे. ठेलारी मेंढपाळांनी मेंढ्यांची वाट दाखवावी, बायांनी उन्हाळ्यात टिकणारी विहीर. पॅनल धुवायचे पाणी कुठून आणणार, तिथे कंपनीच्या माणसाने खडा ठेवावा. कापूस वेचणीत मात्र बैठक नको, नाहीतर नुसते पुढारीच जमतील! पांझरा नदीकाठी फड पद्धतीने (बंधाऱ्याचे पाणी शेतांना पाळीपाळीने देऊन) पाणीवाटप गावांनीच पिढ्यान् पिढ्या सांभाळले; लोकांना यातले कळत नाही, ही सबब चालणार नाही. रांगोळी पुसण्याआधी फोटो काढून ग्रामसभेच्या ठरावाला जोडावा.

– एक वाचक, साक्री (जि. धुळे)