फुलणारा चहा टेबलावरच फुलू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फुलणाऱ्या चहावर (म्हणजे चहाच्या पानांत फूल बांधून केलेला सुका गोळा, गरम पाण्यात टाकला की उमलतो तो) जे आलं होतं ते वाचलं, फोटो मस्तच होता, पण चहा करायचा कसा हे दोन ओळींत उरकलंय आणि बाकी सगळं आपल्या इंदूरच्या कॅफेंत तो आता मिळायला लागलाय याचं कौतुक. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. मागे मी आणि माझी जाऊ एका चांगल्या एसी कॅफेत (नाव घेत नाही) मुद्दाम हा चहा प्यायला गेलो तर वेटरनं चिनी मातीचा पांढरा मग आणून ठेवला, आत फूल केव्हाच उमलून तळाला बसलेलं, आणि सोबत दुधाची छोटी किटली नि साखरेच्या पुड्या! अहो, फुलताना बघायचं म्हणून तर माणूस एवढे पैसे मोजतो ना. जाऊ म्हणाली, वहिनी, याच्यापेक्षा राजवाड्यावरची कट चाय बरी, आणि मला काही बोलायला जागाच उरली नाही.

कारण खरं सांगायचं तर चव बेताचीच असते. आत पानं असतात ती ग्रीन नाहीतर व्हाइट टीची, आलं-वेलची घालून उकळलेल्या चहाची सवय असलेल्या जिभेला ते फिकंच लागणार. वास मात्र छान येतो, आणि तो बऱ्याचदा आपल्या मोगऱ्याचाच असतो बरं का, चीनमध्ये फुझौकडे मोगऱ्याच्या कळ्या दिवसा तोडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की चहाच्या पानांत मिसळून ठेवतात आणि सकाळी फुलं काढून टाकतात, चांगल्या मालाला असं पुन्हा पुन्हा करतात.

गोळा बांधणं हे तर पूर्ण हातकाम. युन्नान आणि फुजियानमध्ये हे होतं, १९८० नंतरच्या दशकात याचा जोर वाढला म्हणे, फार जुनी परंपरा वगैरे जाहिरातीत असते तेवढी काही नाही. कोवळ्या लांब पानांचे शेंडे ओलसर असतानाच एका टोकाला सुती दोऱ्यानं बांधायचे, मध्ये शेवंती, झेंडूसारखं केशरी फूल, किंवा ते जांभळं-गुलाबी बटणासारखं फूल जे सुकलं तरी रंग सोडत नाही, ते दोऱ्यात ओवायचं, मग पानं वर वळवून घट्ट गुंडाळायची आणि वाळवायचं. हातात घेतलं तर सुपारीसारखं टणक लागतं. पाण्यात टाकलं की आधी तरंगतं, बारीक बुडबुडे सुटतात, मग एक बाजू जड होऊन ते खाली जातं आणि पानं एकेक करून सुटायला लागतात, फूल सगळ्यात शेवटी वर येतं. तीन ते पाच मिनिटांचा खेळ. घरात पोरं असतील तर मोबाइल बाजूला ठेवून बघतात, हे मी पाहिलंय.

घरी करायचा तर काचेचं भांडं पाहिजेच, बोरोसिल टाइप, साध्या काचेच्या ग्लासात एकदम गरम पाणी ओतलंत तर तडकेल. एका गोळ्याला साधारण ४०० ते ५०० मिली पाणी. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि दोन-तीन मिनिटं झाकण काढून ठेवायचं, ८५-९० डिग्रीवर आलं की झालं (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं इथे पाणी तसंही ९८ च्या आसपासच उकळतं). बोरिंगचं जड पाणी नको, वर साय धरल्यासारखा थर येतो नि रंग मळकट दिसतो, नर्मदेच्या नळाचं चालतं. दूध नाही, साखर नाही, फार तर थोडा मध, तोसुद्धा कपात. पाणी संपत आलं की परत गरम पाणी घाला, दोन-तीनदा निघतो, पण गोळा तासभर तसाच बुडवून ठेवलात तर कडू होणार. आणि हो, गोकर्णाच्या फुलांचा जो निळा चहा मिळतो त्यात चहाची पानं नसतात, यात असतात, म्हणजे कॅफिन आहे, ज्यांना झोपेचा त्रास आहे त्यांनी रात्री घेऊ नये.

कॅफेवाल्यांना एवढंच सांगणं आहे भिया, की सुका गोळा आणि काचेची किटली टेबलावर आणा आणि पाणी गिऱ्हाइकासमोर ओता, यात खर्च काहीच नाही. पाकिटावर पॅकिंगची तारीख, आतल्या फुलांची नावं आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर आहे का तेपण बघा, दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये नुसता प्लास्टिकच्या पिशवीतला गोळा येतो तो मी तरी पीत नाही.

शेवटचं, आणि हे जरा गंभीर आहे. लेखाच्या शेवटी "घरच्या फुलांचाही प्रयोग करून पाहा" असं लिहिलंय. कुठल्या फुलांचा? मंडईतल्या हाराच्या फुलांवर औषध फवारलेलं असतं, ती खायला म्हणून पिकवलेली नसतातच. आणि आपल्या कित्येक अंगणांत पूजेसाठी कण्हेर लावलेली असते, पिवळी बिट्टी असते, कुठे धोतराही असतो, ही तिन्ही विषारी, कण्हेरीनं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, आणि उकळल्यानं तिचं विष जात नाही. येत्या रविवारी त्याच पुरवणीत ही तीन नावं चौकट करून छापा, फोटोसकट.

आपली,
एक नियमित वाचक, सुदामा नगर, इंदूर