राज्यभर एक ‘पायवाट दिन’ हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेव्हापासून गडकोटांविषयी बोलणे-लिहिणे वाढले आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु घाटमाथ्याला कोकणाशी, गडाला मेटाशी, म्हणजे गडाखालच्या पहाऱ्याच्या वस्तीशी, आणि वाडीला बाजाराच्या गावाशी जोडणाऱ्या ज्या पायवाटांच्या आधाराने हे किल्ले नांदले, त्यांची दखल फारशी कोणी घेतलेली नाही, आणि त्या डोळ्यांदेखत मोडत चालल्या आहेत. वर्षातील एक रविवार राज्यातील प्रत्येक तालुक्यात गावकऱ्यांच्या सोबतीने पायवाटा चालण्याचा आणि त्या दुरुस्त करण्याचा दिवस म्हणून शासनाने जाहीर करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी जुन्नर तालुक्यात एकतीस वर्षे शिक्षक होतो. आमच्या तालुक्याला वाटेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीसाठी वापरला जाई असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. नाणेघाट प्रसिद्ध आहे, म्हणून टिकेल. त्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच कड्यावरून उतरणाऱ्या, ज्यांना नाव आहे पण ज्यांचे नाव आता चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे, अशा वाटांची मला काळजी वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर अशाच एका वाटेने निम्मा डोंगर उतरलो. ते महादेव कोळी समाजाचे. त्यांची आई बाळहिरड्याचे ओझे डोक्यावर घेऊन या वाटेने बाजाराला जात असे. वरचा टप्पा सापडला. पुढे पदरात, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, आलो तर पुरुषभर उंचीची कारवीची झुडपे दाटलेली, आणि वाट कोठे वळते हे त्यांनाही दिसेना. ते थांबले, खाली वाकून पाहू लागले, आणि एका कातळावर हात ठेवून म्हणाले, “ही बघा गुरुजी, वाट.” त्या काळ्या दगडाचा मधला भाग तळहाताएवढा गुळगुळीत झालेला होता; आजूबाजूचा दगड खरखरीत. किती पिढ्यांच्या अनवाणी पावलांनी तो घासला असेल! त्यांनी तेथे चार दगडांची लगोरी रचली आणि कोयत्याने कारवीचे दोन-तीन दांडे वाटेच्या अंगाला मोडून ठेवले. गावात एस.टी. आल्यापासून बाजाराला कोणी चालत जात नाही, आणि कोणी जावे असे मी म्हणणारही नाही. पण ज्या वाटेवर पाऊल पडत नाही ती दोन पावसाळ्यांत कारवीची होते. ते गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर ती वाट एकदा चाललेला तरुण गावात असला, तरच ती पुढे राहील.

दुसरीकडे, मोजक्या ठिकाणी माणसांचा लोंढा लोटतो आहे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणातील एका रविवारी एका किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर मी स्वतः पावणेदोन तास अडकलो होतो. एका आयोजकाने सहा बसगाड्या भरून माणसे आणली होती. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले, पाऊस थांबेना, माझ्या पुढे उभी असलेली मुलगी दगडातील खोबणीत बोटे रुतवून रडत होती, आणि तिच्याबरोबर आलेल्यांपैकी कोणालाही तिचे नाव माहीत नव्हते. कोण कोणाबरोबर आहे हे ठाऊक नसताना तेथे काही विपरीत घडले असते, तर गर्दीतून खाली कोण राहिले हेसुद्धा कळले नसते. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, हे योग्यच झाले. मात्र नोंदणीने गर्दी विखुरत नाही. माणसांना जाण्याजोग्या दुसऱ्या शंभर वाटा दाखवल्या, तरच ती विखुरते.

हे शक्य आहे असे मी म्हणतो, कारण ते चाललेले मी पाहिले आहे. माझी मुलगी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात राहते. हे राज्य क्षेत्रफळाने आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून लहान आहे. अमेरिकेत १९९३ पासून जून महिन्याचा पहिला शनिवार पायवाटांचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात आणि कनेक्टिकटमध्ये त्या शनिवार-रविवारी राज्यभर छोट्या-छोट्या पदभ्रमणांचे कार्यक्रम होतात. त्यांचा मेळ घालणारी ‘कनेक्टिकट फॉरेस्ट अँड पार्क असोसिएशन’ ही संस्था १८९५ साली स्थापन झालेली आहे, आणि तिच्या देखरेखीखालील निळ्या खुणांच्या वाटांचे जाळे तेराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे आहे. त्यातील कित्येक वाटा खासगी जमिनीतून, मालकाच्या परवानगीने जातात. मी ज्या गटात गेलो त्यात अठरा माणसे होती. वाटाड्या म्हणून आलेल्या बाई माझ्याच वयाच्या, म्हणजे सत्तरीच्या होत्या. झाडाच्या खोडावर फिकट निळ्या रंगाचा, वीतभर उंचीचा उभा पट्टा असतो. एकावर एक असे दोन पट्टे दिसले की वळण आले असे समजायचे, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असेल त्या बाजूला वळायचे. एवढी साधी खूण, पण तिच्यामुळे परका माणूसही निर्धास्त चालतो. अर्धे अंतर चालून झाल्यावर सर्वांच्या हातात करवत आणि हातमोजे देण्यात आले, आणि वादळात आडवे पडलेले एक झाड आम्ही वाटेतून बाजूला केले. भाषणे झाली नाहीत.

आपल्याला तर हे अधिक सहज जमले पाहिजे. शिस्तीने एकत्र चालणे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आळंदीहून निघालेला सोहळा पंढरपुरापर्यंत दिंड्यांमध्ये विभागलेला चालतो. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथाच्या पुढची कोणती आणि मागची कोणती हे ठरलेले, आणि समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की अफाट समुदाय क्षणात शांत होतो. हीच रीत डोंगरात न्यावी. एका वाटेवर पंचवीस माणसांची एक दिंडी, पुढे गावातील वाटाड्या, सर्वांत मागे एक अनुभवी गिर्यारोहक, आणि निघताना व परतल्यावर प्रत्येकाच्या नावाची हजेरी. पंचविसांची एक वाट भरली की नाव नोंदवणाऱ्याला पुढची वाट द्यावी.

दिवस कोणता, याचाही मी विचार केला आहे. ११ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय पर्वत दिन आहे. त्याला लागून येणारा रविवार घ्यावा. पावसाळ्यात डोंगरातल्या अरुंद, निसरड्या नाळेतून नवख्यांना नेणे धोक्याचे, आणि शिमग्याच्या सुमारास डोंगर वाळलेला असतो, वणव्याची धास्ती असते. डिसेंबरात भाताची कापणी-झोडणी उरकून वाडीतील माणसे थोडी मोकळी झालेली असतात, कातळात खोदलेल्या टाक्यांतून पाणी असते आणि ऊन सोसवते. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर, फटाके, अत्तरे आणि कर्णे यांना पूर्ण मनाई हवी. मधमाश्या उठल्याने माणसे जायबंदी झाल्याच्या बातम्या आपल्याच वर्तमानपत्रांतून आपण वाचत असतो.

हा दिवस सह्याद्रीपुरता, त्यातही पुण्या-मुंबईच्या माणसांपुरता राहू नये, असे मला तळमळीने वाटते. १६४६ मीटरांचे कळसूबाई चढणे म्हणजेच डोंगर पाहणे, अशी मुलांची समजूत होऊन बसली आहे. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या काठाकाठाने सकाळच्या वेळी चालावे, मग ते किती मोठे आहे हे पायांना कळते. मेळघाटात गाविलगड आणि नरनाळा आहेत, नंदुरबारात तोरणमाळ आहे, मराठवाड्यात बालाघाटाचे डोंगर आहेत. ज्या तालुक्यात डोंगर नाही, तेथे नदीकाठ आहे, देवराई आहे, कालव्याचा बांध आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना आणि लहान लेकरांना घेऊन जाता येईल अशी एखादी सपाट वाट प्रत्येक तालुक्याने आवर्जून निवडावी.

वाटाड्याचे मानधन आणि जेवणाचे पैसे किती, हे ग्रामसभेने ठरवावे आणि ते त्याच दिवशी त्याच गावात दिले जावेत. पिठलं-भाकरी वाडीतल्या चुलीवरची असावी. शहरातून बांधून आणलेली खोकी डोंगरावर न्यायची आणि त्यांचा कचरा तेथेच सोडायचा, हे थांबले पाहिजे. अभयारण्यांतील वाटांसाठी वन विभागाने आधीच ठरवून दिलेल्या मार्गांना आणि संख्येला एकत्रित परवानगी द्यावी, म्हणजे प्रत्येक गटाला निरनिराळ्या कचेऱ्यांत अर्ज करावे लागणार नाहीत. आणि वन्यजीवांसाठी जो भाग बंद ठेवायचा तो त्या दिवशीही बंदच राहावा. आपले गिर्यारोहण संघ, शाळांचे शिक्षक आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांच्याकडे हे काम पेलण्याएवढे मनुष्यबळ नक्कीच आहे. व्यासपीठ, सत्कार, छापील सदरे आणि कमानी यांवर मात्र एक रुपयाही खर्च होऊ नये. तो पैसा कोयते, दोर, प्रथमोपचाराच्या पेट्या आणि वाटांचे नकाशे यांवर लावावा. त्या दिवशी चाललेली प्रत्येक वाट, तिचे स्थानिक नाव, पाण्याच्या जागा आणि ती दाखवणाऱ्या माणसाचे नाव यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात झाली, तर पाच वर्षांत महाराष्ट्राच्या पायवाटांचे असे दप्तर तयार होईल जे आज कोठेही एकत्र नाही.

शासनाचा निर्णय होईल तेव्हा होवो. येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी आणि माझे काही माजी विद्यार्थी ती कारवीत बुडालेली वाट खालच्या गावापर्यंत मोकळी करण्यासाठी जाणार आहोत. विद्यार्थ्याच्या वडिलांना तेवढे चालणे आता जमणार नाही, म्हणून ते माथ्यावरच्या मोठ्या कातळापर्यंत येऊन पुढच्या खुणा त्यांच्या नातवाला सांगणार आहेत. पंचवीस जणांची जागा आहे. त्यांपैकी अकरा अजून रिकाम्या आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, जुन्नर (जि. पुणे)