कालव्यावरच्या घरातून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेले तीन रविवार हे सांगायचे ठरवून मी फोनवर पाऊसपाण्याचेच बोलत राहिले, म्हणून आता लिहिते आहे. तुलूजमधला फ्लॅट मी सोडला असून कनाल द्यू मिदी या दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या कालव्यावरचे, लॉकचे (म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदाचे) दरवाजे सांभाळणाऱ्या माणसाचे घर भाड्याने घेतले आहे. करारावर सही झाली आहे. आधी विचारले असते तर पाण्याचे नाव ऐकताच आई ‘नको’ म्हणाली असती, आणि तिचे ‘नको’ मला अजूनही मोडवत नाही.

बाबा, हा कालवा तुम्ही पाहायलाच हवा. मिठावरचा कर वसूल करणाऱ्या पिएर-पोल रिके याने १६६६ मध्ये तो हाती घेतला, त्यात स्वतःचा पैसा ओतला, आणि १६८१ मध्ये कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी तो वारला. डोंगरातले पाणी नोरूझच्या उंचवट्यावर आणून त्याने दोन्ही उतारांना सोडले. लॉकच्या हौदाच्या सरळ भिंती सुरुवातीला मातीच्या दाबाने ढासळल्या, तेव्हा त्याने त्या बाहेरच्या बाजूला फुगवून लंबगोल बांधल्या. आडवी निजवलेली कमानच म्हणा ना. तुम्ही असता तर तासभर काठावर उकिडवे बसून राहिला असता.

घराच्या दारावर एक पाटी आहे: मध्ये या लॉकचे नाव, दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या लॉकची नावे आणि तिथवरचे अंतर मीटरमध्ये. घोडे नावा ओढत तेव्हा हाक आली की हातातले काम टाकून दरवाजे उघडायला धावायचे, आणि नवरा दुसरीकडे असला की ते काम बायकोने करायचे. (आई, आपल्या कालव्याच्या वितरिकेवर रात्री कंदील घेऊन कोण जायचे, ते मी विसरलेले नाही.) १८५७ मध्ये शेजारून रेल्वे सुरू झाली, पुढे ट्रक आले, दरवाज्यांना यंत्रे बसली, आणि अशी कितीतरी घरे ओस पडली. आता येतात त्या सहलीच्या नावा. घर सरकारीच आहे, म्हणजे आयुष्यभर क्वार्टरमध्ये काढलेल्या तुमच्या मुलीने फार वेगळे काही केलेले नाही.

काळजी करू नका. भिंती जाड आहेत, शेगडी उत्तम पेटते, झोपायची खोली आणि न्हाणीघर खालीच आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना जिना नाही. काठाला मी कुंपण घालून घेते आहे. रात्री दरवाज्यांच्या फटींतून पाणी झिरपते, त्याचा आवाज थेट आपल्या चौकीवरच्यासारखा आहे. पहिल्या रात्री मला वाटले, आता बाबा टॉर्च घेऊन उठतील, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून गाढ झोपले.

आता माझे ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवायची नाही आणि माळ्यावर चढायचे नाही. आईच्या डोळ्याची तारीख पुढे ढकलायची नाही. दोघांचे पासपोर्ट याच महिन्यात नूतनीकरणाला टाका. यंदा दिवाळीला मला येता येणार नाही, हे लिहिताना हात अडखळतो. पण हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा नावांना बंद असतो, तेव्हा महिनाभर येईन. परतताना तुम्हा दोघांना घेऊनच येईन. गोडा मसाला तेवढा आत्ताच करून ठेवू नका, मी आल्यावर ताजा करू.

तुमची,
धाकटी