अंबडच्या फायबरवाल्या दादांचे आभार

उतरताना आमच्या रेडिओ कंट्रोल विमानाचा फायबरचा फ्यूजलाज, म्हणजे धड, शेपटीजवळ तडकला. अशा तड्यावर बाहेरून नुसती पुट्टी थापली तर इंजिनच्या कंपनाने तो पुन्हा उघडतो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या दोन फायबर कारागिरांनी काम सुटल्यावर थांबून तो नीट सांधला.

तड्याच्या टोकांना बारीक भोकं पाडली, आतली कड ८० नंबरच्या पेपरने खरवडली आणि चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या ग्लास क्लॉथचे (काचेच्या धाग्यांच्या कापडाचे) दोन थर ४५ अंशांत बसवले. पॉलिस्टर रेझिनचा डबा समोरच होता, पण जुन्या फायबरवर इपॉक्सी रेझिनची पकड जास्त, म्हणून तेच वापरलं. नाशिकच्या थंडीत ते लवकर कडक होत नाही. दादांनी रात्रभर बल्ब लावून ठेवला! इपॉक्सी कडक होताना वर येणारा चिकट थर आधी पाण्याने धुवायचा, मग घासायचं, नाहीतर रंग सुटतो, हेही बजावलं.

खरी माया प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या थरात, दिसली. शेपटीकडे वाढलेला एक ग्रॅम तोल साधायला नाकात तीन-चार ग्रॅम शिसं मागतो. म्हणून ४०० नंबरच्या पेपरने त्यांनी जवळजवळ सगळा प्रायमर पुन्हा उतरवला, तो फक्त खड्ड्यांत ठेवला, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन पातळ हात मारले. पैसे घेतले ते फक्त मालाचे.

दादा, मनापासून आभार. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, जागेवर आहे.